पावडर कोटिंगचा घरगुती ओव्हन, ९ किलोवॅट: बांधणी आणि तापमान-नियंत्रणाच्या नोंदी

जागा: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या लगतची पत्र्याची शेड. वीज थ्री फेज, चार तारा. कामे (कोरडी रंगपावडर स्थिर विजेने चिकटवून, ओव्हनमध्ये वितळवून घट्ट करायची): खिडक्यांच्या जाळ्या, दुचाकीचे भाग, यंत्रमागाची पत्र्याची कव्हरे. सर्वांत मोठा जॉब (रंगवायची वस्तू) ८०० × ११०० मिमी. एका खेपेला लोखंड २५ किलोपर्यंत.

११ फेब्रुवारी २०२४: मापे आणि वॅटचा हिशेब

कामाची पोकळी ९०० रुंद, ९०० खोल, १२०० मिमी उंच. हवा फिरवायला दोन्ही बाजूंना ७५ मिमीचे डक्ट आणि वर २५० मिमीचा हीटरचा कप्पा. म्हणजे आतला डबा १०५० × ९०० × १४५० मिमी. चहूबाजूंनी १०० मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) धरून बाहेरचे माप १२५० × ११०० × १६५०.

"एवढ्या ओव्हनला किती वॅट लागतील?" याचे उत्तर घनफुटांवरून काढण्याची पद्धत आहे, पण तिच्यात अर्थ नाही. एक घनमीटर हवा तापवायला काहीच लागत नाही. वीज खाते ते लोखंड. आतला पत्रा आणि डक्ट मिळून सुमारे ६५ किलो, दांड्या-हूक १०, जॉब २५, असे १०० किलो. एक किलो लोखंड एक अंशाने तापायला अर्धा किलोज्यूल. ३५ वरून २०० वर न्यायचे तर १६५ अंश, म्हणजे ८,२५० किलोज्यूल, म्हणजे २.३ युनिट. रॉकवूल स्वतःही तापते, आतली बाजू जास्त आणि बाहेरची कमी. त्याचे एक ते दीड युनिट. भिंतींतून २०० अंशांवर सुमारे ७०० वॅट गळतात. दाराच्या कडा, पंख्याचा शाफ्ट आणि धुराडे धरून हा आकडा दुप्पट करावा.

सगळे मिळून पहिल्या तापवणीला चार युनिटच्या आसपास. अर्ध्या तासात चढायचे असेल तर ८ किलोवॅट हवेत, म्हणून ९ घेतले. सिंगल फेजवर ६ किलोवॅटही चालले असते (२६ अँपिअर), पण चढायला पाऊण तास लागला असता. नुसता वेळच जात नाही: जॉब हळू तापला तर पावडर पूर्ण पातळ होऊन पसरण्याआधीच घट्ट होऊ लागते आणि ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) येते.

१८ फेब्रुवारी: सांगाडा

बाहेरचा सांगाडा २५ × २५ × २ मिमी चौकोनी पाइपचा. आधी टाके, मग कर्ण मोजून पूर्ण वेल्ड. दोन्ही कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक राहिला तर दार कधीच नीट बसत नाही, आणि पुढचे सगळे रडगाणे दारापासूनच सुरू होते.

आतला डबा या सांगाड्याला वेल्ड करायचा नाही. लोखंड रॉकवूलपेक्षा हजारपट उष्णता वाहून नेते. आतून बाहेर जाणारी प्रत्येक पट्टी म्हणजे एक गळती. डबा आठ ठिकाणी १२ मिमी कॅल्शियम सिलिकेट बोर्डच्या तुकड्यांवर टेकवला. खालचे चार आधार घट्ट, वरचे चार लांबट भोकांत सैल. १४५० मिमी उंचीचा पत्रा १६५ अंशांनी तापला की जवळजवळ ३ मिमी वाढतो. त्याला सरकायला जागा नसेल तर पत्रा फुगतो, ठणठण वाजतो आणि रिवेट सुटतात.

हायलमचे (राळेच्या तपकिरी पाटीचे) तुकडे इथे वापरू नयेत. बाजारात "हीटप्रूफ" म्हणून मिळतात, पण २०० अंशांना काळे पडून फुटतात. जुन्या ॲस्बेस्टॉस शीटचे तुकडे फुकट मिळाले तरी नकोत. कापताना उडणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते.

३ मार्च: आतला पत्रा

०.८ मिमी जीआय (जस्ताचा थर दिलेला पत्रा). जीआयमुळे विषारी धूर होतो अशी भीती घातली जाते. जस्त वितळते ४१९ अंशांना, ओव्हन चालतो २०० वर, त्यामुळे तापवताना काही होत नाही. धूर होतो तो जीआय वेल्ड करताना. म्हणून आतला डबा पूर्ण घडीचा आणि पॉप रिवेटचा, रिवेट स्टीलचे. वेल्डिंग फक्त जॉब टांगायच्या दोन दांड्यांवर, तीही बाहेर करून.

सांध्यांना सिलिकॉन सीलंट लावला नाही. याबद्दल दाराच्या नोंदीत.

५ मार्च: रॉकवूल

५० मिमीच्या दोन थरांत, ९६ घनतेच्या (किलो प्रति घनमीटर) स्लॅब. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ दिले नाहीत. कमी घनतेचे ब्लँकेट उभ्या भिंतीत काही महिन्यांनी खाली बसते आणि वर रिकामी जागा राहते. हात झाकलेले, तोंडाला मास्क, काम संपल्यावर कपडे वेगळे धुवायचे.

१२ मार्च: दार

या ओव्हनचा सर्वांत कठीण भाग हाच.

सोपी रीत अशी की आतला पत्रा दाराच्या चौकटीवर वळवून थेट बाहेरच्या पत्र्याला रिवेट करायचा. दिसायला छान. पण चौकटीचा परीघ ५ मीटर. त्यातून ०.८ मिमी पत्र्यामार्गे बाहेर जाणारी उष्णता मोजली तर ३३० वॅट येते, म्हणजे सगळ्या भिंतींच्या निम्मी, एका कडेतून. शिवाय ती कड हाताला चटका देते आणि बाहेरचा रंग पिवळा पाडते. उपाय: आतला पत्रा चौकटीच्या अलीकडे थांबवायचा आणि मधल्या १०० मिमीत ०.५ मिमी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची पट्टी जोडायची. स्टेनलेस साध्या पत्र्याच्या साधारण एक तृतीयांशच उष्णता वाहते, आणि जाडीही कमी. तीच गळती ६५ वॅटवर येते.

गॅस्केट १२ मिमी फायबरग्लास दोरी, पत्र्याच्या खोबणीत दाबलेली. सिलिकॉनचे स्पंज गॅस्केट तापमान सहन करते आणि दारही सुंदर बंद होते, तरी घेतले नाही. सिलिकॉनचा अंश जॉबवर बसला की पावडर वितळताना तिथून मागे सरते आणि मध्ये धातू दिसणारा गोल खड्डा पडतो. पक्के झालेले गॅस्केट फारसे त्रास देत नाही, पण ओला सीलंट आणि सिलिकॉन स्प्रे मात्र नक्कीच देतात. दोन्ही वस्तू शेडमध्ये आणायच्याच नाहीत असे ठरवले तर खड्डे पडल्यावर कारण शोधताना एक शंका कमी होते. बिजागऱ्यांना ग्रॅफाइट ग्रीस.

कडी रोलरची, आतून ढकलली की उघडणारी. आडणा किंवा बोल्ट नको. आत वाफ साठून दाब आला तर दारानेच सुटका दिली पाहिजे.

२० मार्च: पंखा आणि डक्ट

मोटर बाहेर, लांब शाफ्ट, २५० मिमीचे सेंट्रिफ्यूगल इंपेलर आत. मोटर पाव एचपी, १४४० फेरे. शाफ्टवर भिंत आणि बेअरिंग यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची चकती. ती फिरताना वारा घेते आणि बेअरिंगकडे जाणारी उष्णता उडवते.

हवा सुमारे ०.३ घनमीटर प्रतिसेकंद. पंखा पोकळीच्या छतातून हवा ओढतो, हीटरवरून नेतो, दोन्ही बाजूंच्या डक्टमध्ये ढकलतो. प्रत्येक बाजूला ८०० × २० मिमीच्या सहा आडव्या फटी, प्रत्येकीवर सरकती पट्टी. फटीच्या तोंडाशी वेग दीड मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास आणि जॉबपाशी त्याहून बराच कमी. पावडर वितळण्याआधी पहिली तीन-चार मिनिटे फक्त स्थिर विजेने चिकटून असते. जोराचा झोत लागला तर कडेची पावडर उडते आणि शेजारच्या जॉबवर जाऊन बसते. पांढऱ्यावर काळे ठिपके दिसले की दोष बूथचा (पावडर मारायच्या जागेचा) समजला जातो, पण कधी कधी तो इथला असतो.

फेज उलटले तर सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरतो, पण हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त फार कमी. त्यामुळे पाहून कळत नाही. खांबावर काही काम होऊन वीज परत आली की हे होऊ शकते. म्हणून पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्स रिले बसवला. तोच सिंगल फेजिंगही (एक फेज जाणे) पकडतो.

२८ मार्च: हीटर आणि वायरिंग

यू आकाराचे ट्यूबुलर हीटर सहा, प्रत्येकी १५०० वॅट, २३० व्होल्ट. दर फेजला दोन समांतर, म्हणजे १३ अँपिअर. स्टार जोडणी, न्यूट्रलसह. २० अँपिअर सी कर्व्ह फोर पोल एमसीबी, ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की तोडणारा स्विच), तांब्याची ४ चौरस मिमी केबल. हीटरच्या डब्यापासून पुढचा शेवटचा मीटर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा), जो २६० अंश सोसतो. पीव्हीसी तिथे महिनाभरही टिकणार नाही.

न्यूट्रल "तसाही रिकामाच असतो" म्हणून सोडून देणारे भेटतात. सहाही हीटर चांगले आहेत तोवर खरे. एक जळाला की त्या फेजवर उरलेल्या एकट्या हीटरला न्यूट्रलशिवाय २३० ऐवजी २७६ व्होल्ट मिळतात, वॅट ४४ टक्क्यांनी वाढतात, आणि तोही जातो.

टर्मिनलचा नट कसताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरायचा. नाहीतर खिळी फिरते, सिरॅमिक चिरते आणि काही दिवसांनी आरसीसीबी पडायला लागतो.

हीटर नवे असले तरी मेगरने (इन्सुलेशन मोजायचे मीटर) तपासून घ्यावेत. आतली पांढरी पावडर हवेतला ओलावा धरते. ५०० व्होल्टवर एक मेगओहमपेक्षा कमी दाखवले तर आरसीसीबी टिकेलच असे नाही. उपाय आरसीसीबी काढणे हा नव्हे. हीटर १२० अंशांच्या दुसऱ्या भट्टीत दोन-तीन तास वाळवावेत. मग रीडिंग शंभरावर जाते. पावसाळ्यात ओव्हन महिनाभर बंद राहिला तर पुन्हा हेच.

हीटर आणि पोकळी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा आहे. हीटर थेट जॉबला दिसला तर त्या बाजूला पावडर हवेच्या तापमानापेक्षा बरीच जास्त तापते.

व्होल्टेजही लिहून ठेवले: दुपारी २३०, संध्याकाळी २०५. वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात, म्हणजे ९ चे ७.१ किलोवॅट. चढायला लागणारा वेळ ठरवताना संध्याकाळचा आकडा धरावा.

६ एप्रिल: नियंत्रण पॅनेल

पीआयडी कंट्रोलर (तापमान पाहून हीटरची वीज कमी-जास्त करणारा) ४८ × ४८, के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर), आउटपुट १२ व्होल्ट डीसी. त्यावर तीन एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलणारे भाग नसलेले इलेक्ट्रॉनिक स्विच), ४० अँपिअरचे, प्रत्येकाला स्वतंत्र हीटसिंक. १३ अँपिअरवर एका एसएसआरमध्ये १५-१६ वॅट उष्णता होते, तीन मिळून ४५ ते ५० वॅट. एवढी उष्णता बंद पेटीत साठू देता येत नाही.

आता महत्त्वाचे. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो. म्हणजे कंट्रोलर "बंद" म्हणत राहतो आणि हीटर चालूच राहतो. म्हणून एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) आहे. त्याच्या कॉइलची वाट अशी: आणीबाणीचे बटण, फेज रिले, पंख्याच्या मोटरचा ओव्हरलोड, हवेच्या झोताने ढकलली जाणारी पट्टी-स्विच, आणि शेवटी वेगळा कॅपिलरी थर्मोस्टॅट, हाताने रीसेट करायचा, २४० अंशांवर (पुढे यालाच कट-आउट म्हटले आहे). याचा सेन्सर वेगळा, जागा वेगळी, कंट्रोलरशी काही संबंध नाही. कंट्रोलरच्याच अलार्मवर हे काम टाकणे व्यर्थ, कारण थर्मोकपल चुकले की अलार्मही चुकतो.

पट्टी-स्विच का? मोटरच्या कॉन्टॅक्टरचा सहायक कॉन्टॅक्ट एवढेच सांगतो की मोटरला वीज गेली आहे. इंपेलरचा ग्रब स्क्रू सैल झाला तर मोटर फिरते, हवा फिरत नाही, आणि हीटर वरच्या कप्प्यात लालबुंद होतात.

हीटर बंद केल्यावर पंखा ८० अंशांपर्यंत चालू राहतो. लगेच थांबवला तर शाफ्टमधून उष्णता बेअरिंगपर्यंत जाते आणि ग्रीस वितळून गळते.

८ एप्रिल: थर्मोकपल कुठे

जागा तीन सुचतात. हीटरनंतर लगेच डक्टमध्ये, पोकळीच्या मध्ये, आणि परतीच्या तोंडाशी. पूर्ण ९ किलोवॅटवर, ०.३ घनमीटर हवेत, हीटरच्या आधीच्या आणि नंतरच्या हवेत ४० अंशांचा फरक पडतो. थर्मोकपल परतीच्या तोंडाशी ठेवले तर चढताना डक्टमधली हवा २३०-२४० वर जाते आणि फटीजवळचा पातळ पत्रा करपतो. हीटरजवळ ठेवले तर हवा मर्यादेत राहते, पण जॉब सावकाश तापतो. स्थिर झाल्यावर मात्र हीटर फक्त दीड किलोवॅट देत असतात. तेव्हा तोच फरक ६-७ अंशांवर येतो आणि जागेचा प्रश्न जवळपास मिटतो. प्रश्न पहिल्या वीस मिनिटांचाच आहे.

डक्टच्या शेवटी, पहिल्या फटीच्या तोंडाशी ठेवले. कट-आउटचा सेन्सर हीटरच्या कप्प्यात.

९ एप्रिल: थर्मोकपलची तपासणी

के टाइपच्या दोन तारांपैकी चुंबकाला चिकटते ती ऋण. रंगांवर विसंबू नये. एका पद्धतीत लाल ऋण असतो, आणि आपल्याकडे वायरमन लाल धनच समजतो. एका टोकाला उलटे जोडले तर तापवताना आकडा खाली जातो, लगेच कळते. दोन्ही टोकांना उलटे जोडले तर आकडा वर जातो आणि थोडा चुकीचा राहतो. हा खरा धोका.

थर्मोकपलच्या डोक्यापासून पॅनेलपर्यंत के टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल हवी. साधी तांब्याची तार जोडली तर डोके आणि कंट्रोलर यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढीच चूक. डोके ७५ अंशांत, कंट्रोलर ४० मध्ये असेल तर डिस्प्ले २०० दाखवत असताना आत २३५ असतात. पांढरी पावडर पिवळी पडण्यामागे हे कारण अनेकदा निघते.

बर्फाच्या पाण्यात ०. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची अपेक्षा ठेवू नये: सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे, पाणी ९८.५ च्या आसपास उकळते. डिस्प्लेवर ९९ आले, ठीक. १०० यावे म्हणून ऑफसेट (आकडा सरकवणारी दुरुस्ती) टाकला तर तो चुकीचाच पडला असता.

१४ एप्रिल: पहिली तापवणी

रिकामा ओव्हन, दार थोडे उघडे, १२० वर एक तास, मग २०० वर दोन तास. पत्र्यावरचे तेल आणि रॉकवूलमधले राळेचे बंधन जळून धूर आला, अपेक्षेप्रमाणे. हे केल्याशिवाय जॉब टाकला तर तो धूर पहिल्या रंगात बसतो. ३५ वरून २०० ला २२ मिनिटे, रिकामा. स्थिर असताना आउटपुट १५-१६ टक्के, म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट. हिशेबाशी जुळले.

१६ एप्रिल: ऑटोट्यून

ऑटोट्यून (कंट्रोलर स्वतःच नियंत्रणाचे आकडे शोधतो ते) चालवताना तीन गोष्टी: सेटपॉइंट कामाचाच ठेवायचा (२००), पंखा चालू, आणि आत नेहमीच्या वजनाचे भंगार लोखंड टांगलेले. रिकाम्या ओव्हनवर १०० अंशांना ट्यून करून काढलेले आकडे २०० वर उपयोगाचे नसतात.

आलेले आकडे: प्रपोर्शनल बँड ९ अंश, इंटिग्रल ३१० सेकंद, डेरिव्हेटिव्ह ६२ सेकंद. सायकल टाइम (हीटर चालू-बंद करण्याचा फेरा) हाताने २ सेकंद केला. कंट्रोलरमध्ये तो कारखान्यातून २० सेकंद असतो, ते रिलेसाठी आहे. आउटपुटची कमाल मर्यादा ९० टक्के.

चढाई संपताना ओव्हरशूट (ठरल्यापेक्षा वर जाणे) ४ अंश. चालेल.

दार उघडल्यावर मात्र गोष्ट बदलते. २० सेकंदांत हवा १३० वर पडते, कंट्रोलर पूर्ण आउटपुट मागतो. दाराच्या लिमिट स्विचने फक्त हीटर तोडले तर कंट्रोलरला ते माहीत नसते. तो इंटिग्रल (तापमानातल्या कमतरतेची साठवण) वाढवत राहतो. दार लावले की साठलेले सगळे बाहेर येते: २१४ पर्यंत. भिंती तर अजून गरमच असतात. लिमिट स्विचचा दुसरा कॉन्टॅक्ट कंट्रोलरच्या डिजिटल इनपुटला देऊन त्याला स्टँडबायवर टाकले. आता दार लावल्यावर २०४. ज्या कंट्रोलरला डिजिटल इनपुट नाही तिथे इंटिग्रलचा वेळ ५०० सेकंदांपर्यंत वाढवून पाहावे. परत यायला वेळ लागतो, पण वर जात नाही.

२१ एप्रिल: पोकळीतला समतोल

चार कोपरे आणि मध्य, पाच थर्मोकपल. सगळ्या फटी सारख्या उघड्या असताना वर आणि खाली १८ अंशांचा फरक. वरच्या दोन फटी निम्म्या झाकल्या, खालच्या दोन पूर्ण उघडल्या, दाराकडच्या भागात पट्ट्या थोड्या तिरप्या लावल्या. फरक ६ अंश. याहून कमी करायचा हट्ट धरला नाही.

५० मिमीचे धुराडे छतातून शेडबाहेर नेले, झडप एक चतुर्थांश उघडी. पूर्ण बंद ठेवले तर पावडरची वाफ आत साठते, दाराच्या दोरीवर पिवळा चिकट थर बसतो.

२८ एप्रिल: जॉबचे तापमान

इतका वेळ हवेबद्दल चालले होते. पावडरला हवेशी देणेघेणे नाही. पाकिटावर "१८० अंश, १५ मिनिटे" लिहिलेले असते ते धातूचे तापमान. घड्याळ दार लावल्यावर सुरू होत नाही, धातू १८० ला पोहोचल्यावर सुरू होते.

थर्मोकपलचा मणी जॉबच्या आडबाजूच्या भोकात वॉशरखाली बोल्टने दाबला. चिकटपट्टी तापल्यावर सुटते आणि मणी हवेचे तापमान सांगायला लागतो. इन्फ्रारेड पिस्तूलने चकचकीत धातूवर घेतलेला आकडा फेकून द्यावा. रंग बसल्यावर तो बराच बरोबर येतो.

ओव्हन आधीच २०० वर, दार लावल्यापासून धातू १८० ला यायला लागलेला वेळ: १ मिमी पत्रा ६ मिनिटे, ५ मिमी पट्टी १७ मिनिटे, १० मिमी पट्टी ३० मिनिटे. म्हणजे १० मिमीच्या जॉबला एकूण ४५ मिनिटे हवीत. त्याच्याच शेजारी १ मिमीचे कव्हर टांगले तर ते ३९ मिनिटे भाजत बसेल. जाड-पातळ एका खेपेत नको, निदान पांढऱ्या रंगात तरी अजिबात नको. काळ्या मॅटला बरेच सहन होते.

५ मे: नमुने आणि तपासण्या

हायब्रिड (इपॉक्सी-पॉलिएस्टर) पावडर, ०.८ मिमी पत्र्याच्या पट्ट्या. थर ६० ते ८० मायक्रॉन. १२० च्या वर गेला की पावडर स्वतःच पावडरला ढकलते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात.

तपासणी एमईके (रंग विरघळवणारा द्रव) लावलेल्या कापसाने, पुढे-मागे पन्नास वेळा. हलका रंग कापसावर आला तर चालते. पृष्ठभाग मऊ पडला किंवा चमक गेली तर क्युअर (भाजून पक्के होणे) अपुरा. पट्टी वाकवून पाहिली: अपुऱ्या भाजलेल्या पट्टीवर वाकाच्या ठिकाणी तडे जातात, पापुद्रे निघतात. नुसते डोळ्यांनी दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात, आणि ग्राहकाकडे जाईपर्यंत सारख्याच राहतात. एमईके हातमोजे घालून, ओव्हनपासून लांब, उघड्यावर.

ओतीव भागांवर फोड आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे. ओतकामात अडकलेली हवा रंग पातळ असताना बाहेर पडते. आधी कोरडा जॉब २१५ अंशांवर अर्धा तास, मग थंड करून पावडर.

पत्र्यावर पांढरट डाग उमटले ते पाण्याचे. इथल्या बोअरचे पाणी जड. फॉस्फेटनंतरची (रंगाआधी पत्र्याला द्यायची रासायनिक प्रक्रिया) शेवटची धुणी आरओच्या पाण्याने, मग १२० अंशांवर दहा मिनिटे याच ओव्हनमध्ये वाळवणी.

१२ मे: तंतू

काळ्या जॉबवर केसासारखे उंचवटे. भिंगाखाली पाहिले तर सुताचे तंतू. आजूबाजूला टॉवेलचे कारखाने, वाऱ्याबरोबर तंतू शेडमध्ये येतात आणि विजेने भारलेल्या पावडरवर अलगद बसतात. ओव्हनमध्ये पंखा तेच फिरवतो. बूथच्या हवेच्या तोंडाला दोन थर फिल्टर, पावडर मारल्यावर जॉब उघड्यावर न ठेवता थेट आत, आणि आठवड्यातून एकदा ओव्हन थंड असताना आतून व्हॅक्यूम. कॉम्प्रेस्ड हवेने साफ करू नये, तंतू हीटरवर जाऊन जळतात.

१९ मे: उन्हाळा

शेडमध्ये ४१ अंश, पॅनेलच्या आत ५८. एसएसआरचा ४० अँपिअर हा आकडा थंड हीटसिंकवरचा असतो. या गरमीत त्याचा निम्मा धरावा. १३ अँपिअरला अजून जागा आहे, पण फार नाही. २५ अँपिअरचे एसएसआर घेतले असते तर इथे अडकलो असतो. पॅनेल ओव्हनच्या भिंतीवरून काढून एक मीटर दूर भिंतीला लावले, खाली जाळी आणि वर पंखा. आतले तापमान ४७.

पावडरच्या खोक्यात गाठी. पावडर ४५-५० अंशांच्या पुढे स्वतःलाच चिकटू लागते, आणि पत्र्याखालच्या फळीवर तेवढे होतेच. गाठी चाळून वापरल्या तरी पावडर मारायची गन थुंकते. पावडर आता घरातल्या जमिनीलगतच्या खोलीत, पिशवीचे तोंड बांधून. कूलरच्या खोलीत ठेवली नाही, कारण कूलरचा ओलावा पावडरला गाठींपेक्षाही वाईट. वापरण्याआधी बंद पिशवी तासभर शेडमध्ये आणून ठेवायची, मग उघडायची.

२६ मे

कट-आउटची चाचणी: थर्मोस्टॅट १५० वर आणला, ओव्हन तापवला, १५२ ला कॉन्टॅक्टर पडला. रीसेटचे बटण दाबेपर्यंत परत आला नाही. थर्मोस्टॅट पुन्हा २४० वर, नॉबवर रंगाची खूण. दर महिन्याला हीच चाचणी, आणि तेव्हाच हीटरच्या टर्मिनलचे नट कसून पाहायचे.